विद्यापीठीय उबवणी केंद्र

विद्यापीठीय उबवणी केंद्र (इन्क्युबेशन सेंटर, इन्क्युबेटर) म्हणजे विद्यापीठ, महाविद्यालय किंवा संशोधन संस्थेच्या आश्रयाने चालणारी अशी व्यवस्था, जी विद्यार्थी, संशोधक आणि अध्यापक यांच्या प्रारंभिक अवस्थेतील उद्योगांना ठरावीक मुदतीसाठी जागा, प्रयोगशाळा, मार्गदर्शन, कायदेशीर साहाय्य आणि बीजभांडवल मिळवून देते. संशोधन आणि बाजारपेठ यांच्यामधील अंतर कमी करणे हा तिचा मुख्य हेतू होय. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली कल्पना आणि ग्राहक विकत घेईल अशी वस्तू यांच्यामध्ये नमुना तयार करणे, चाचण्या घेणे, परवाने मिळवणे, उत्पादनखर्च काढणे आणि पहिला ग्राहक शोधणे अशा अनेक पायऱ्या असतात. या पायऱ्यांवर बँका सहसा कर्ज देत नाहीत आणि संशोधन अनुदानही तोपर्यंत संपलेले असते. ही उणीव भरून काढण्यासाठी उबवणी केंद्रे निर्माण झाली.

महाराष्ट्रात भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील 'साइन' आणि पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील 'व्हेंचर सेंटर' ही या प्रकारातील जुनी व परिचित केंद्रे आहेत. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांसाठी या कार्याची तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये करण्यात आली. रत्नागिरी जिल्ह्यात शेती, फळप्रक्रिया आणि मत्स्यव्यवसाय यांच्याशी निगडित उच्चशिक्षण व संशोधनाची परंपरा असल्यामुळे तेथे या विषयाला वेगळे महत्त्व आहे.

नाव आणि परिभाषा

'उबवणी केंद्र' हा शब्द मराठीत मूळचा कुक्कुटपालनातील आहे. खुडूक कोंबडीऐवजी यंत्राच्या उबेत अंडी ठेवून पिले काढण्याच्या जागेस उबवणी केंद्र म्हणतात. उद्योगाच्या संदर्भात हाच शब्द लक्षणेने वापरला जातो. अशक्त अर्भकास काही काळ ठेवण्याच्या काचपेटीसही इंग्रजीत हेच नाव आहे. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे : ऊब ही तात्पुरती असते आणि पुढे जीवाने स्वतःच्या बळावर जगावे अशी अपेक्षा असते.

मराठी शासकीय व्यवहारात या विषयासाठी 'नवोपक्रम', 'नाविन्यता', 'नवउद्योग' आणि 'स्टार्टअप' असे शब्द रूढ आहेत. राज्य शासनाच्या संस्थेचे नाव 'महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी' असे आहे, तर विद्यापीठांतील संबंधित विभाग 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' या नावाने ओळखला जातो. बोलण्यात मात्र 'इन्क्युबेशन सेंटर' हाच शब्द अधिक ऐकू येतो.

उबवणी केंद्र आणि जवळच्या इतर व्यवस्था यांत फरक आहे. उद्योजकता विकास कक्ष मुख्यतः प्रशिक्षण आणि जागृतीचे कार्य करतो. प्रवेगक (ॲक्सलरेटर) ही काही महिन्यांची, आधीच विक्री सुरू झालेल्या उद्योगांसाठीची व्यवस्था असते. संशोधन उद्यानात प्रस्थापित कंपन्या विद्यापीठाजवळ आपले संशोधन विभाग थाटतात. उबवणी केंद्र या सर्वांच्या आधीच्या टप्प्यावर काम करते आणि तेथील मुक्काम बहुधा दोन ते तीन वर्षांचा असतो.

इतिहास

*जगातील उगम*

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया या गावी १९५९ मध्ये सुरू झालेले बटेव्हिया इंडस्ट्रियल सेंटर हे जगातील पहिले उद्योग-उबवणी केंद्र मानले जाते. गावातील मोठा कारखाना बंद पडून बेकारी वाढल्यावर मॅन्कुसो कुटुंबाने ती विस्तीर्ण इमारत विकत घेतली. एकच मोठा भाडेकरू मिळेना, तेव्हा जोसेफ मॅन्कुसो यांनी तिचे भाग करून लहान उद्योगांना भाड्याने दिले आणि त्यांना सामायिक कार्यालयीन सेवा व सल्लाही पुरवला. सुरुवातीच्या भाडेकरूंत कोंबड्यांचा व्यवसाय करणारी एक कंपनी होती. तिच्यावरूनच मॅन्कुसो यांनी गमतीने या उपक्रमास 'इन्क्युबेटर' म्हटले आणि ते नाव रूढ झाले.

विद्यापीठांचा यातील सहभाग पुढे वाढला. अमेरिकेत १९८० मध्ये संमत झालेल्या बेह-डोल कायद्याने सरकारी अनुदानातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेण्याची मुभा दिली. त्यामुळे आपल्या आवारातील संशोधनातून उद्योग उभे करण्यास विद्यापीठांना आर्थिक कारण मिळाले.

*भारत*

भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागांतर्गत १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ स्थापन झाले. या मंडळाने १९८० च्या दशकात अभियांत्रिकी संस्थांच्या आवारात विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजक उद्याने सुरू केली आणि पुढे तंत्रज्ञान व्यवसाय उबवणी केंद्रांची योजना आणली. जैवतंत्रज्ञान क्षेत्रासाठी २०१२ मध्ये 'बायरॅक' ही सार्वजनिक संस्था स्थापन झाली.

१६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाने 'स्टार्टअप इंडिया' मोहिमेचा प्रारंभ केला. त्याच वर्षी नीती आयोगांतर्गत अटल नवोन्मेष अभियान आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा 'निधी' कार्यक्रम सुरू झाले. शिक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये नवोपक्रम कक्ष स्थापन करून महाविद्यालयांत संस्थात्मक नवोपक्रम परिषदा सुरू केल्या आणि २०१९ मध्ये उच्चशिक्षण संस्थांतील विद्यार्थी व अध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण प्रसिद्ध केले.

महाराष्ट्र शासनाचे नावीन्यपूर्ण स्टार्टअप धोरण २०१८ मध्ये जाहीर झाले. त्याच्या अंमलबजावणीसाठी कौशल्य विकास विभागाच्या अखत्यारीत महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी काम करते. राज्यातील निवडक शिक्षणसंस्थांत उबवणी केंद्रे उभारण्यास साहाय्य देणे आणि 'महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताह' भरवणे ही तिची प्रमुख कामे होत. सप्ताहातील निवडक स्टार्टअपांना शासकीय विभागांत प्रायोगिक काम करण्यासाठी कार्यादेश दिले जातात. नव्या उद्योगास अनुदानाइतकीच, किंबहुना अधिक, गरज पहिल्या ग्राहकाची असते. ती या कार्यादेशाने काही अंशी भागते.

कायदेशीर रचना

उबवणी केंद्र विद्यापीठाच्या आवारात असले, तरी बहुतेक ठिकाणी ते कायद्याने स्वतंत्र असते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी किंवा नोंदणीकृत संस्था असे त्याचे स्वरूप असते. यामागे व्यावहारिक कारणे आहेत. विद्यापीठाच्या लेखापद्धतीत खासगी कंपनीचे समभाग घेणे, गुंतवणूक करणे आणि बुडीत गुंतवणुकीची नोंद करणे अवघड असते. स्वतंत्र संस्थेस हे व्यवहार करता येतात, तिच्या संचालक मंडळावर उद्योगक्षेत्रातील व्यक्ती नेमता येतात आणि एखादा उद्योग अडचणीत आल्यास त्याचे दायित्व थेट विद्यापीठावर येत नाही. कंपनी अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीनुसार मान्यताप्राप्त उबवणी केंद्रांना दिलेला निधी कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात धरला जातो.

राज्यातील अकृषी सार्वजनिक विद्यापीठांबाबत महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र मंडळ आणि संचालक यांची तरतूद आहे. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. कृषी विद्यापीठांसाठी वेगळा कायदा असल्याने ती या तरतुदीच्या कक्षेत येत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. कारण तेथील कला, वाणिज्य, विज्ञान शाखांची बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर कृषी व मत्स्यविज्ञान शिक्षण दापोली येथील कृषी विद्यापीठाकडे आहे.

कार्यपद्धती

केंद्रांची कार्यपद्धती तपशिलात वेगवेगळी असली, तरी सर्वसाधारणपणे ती चार टप्प्यांची असते.

शोध व निवड : अर्जदाराची कल्पना, तिच्यातील नावीन्य, संभाव्य ग्राहक आणि गटातील व्यक्तींची क्षमता यांचा विचार करून निवड समिती निर्णय घेते. केवळ कल्पना चांगली असणे पुरेसे मानले जात नाही. ती पूर्णत्वास नेण्यास गट वेळ देईल का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा समजला जातो.

पूर्व-उबवणी : हा काळ साधारणतः तीन ते बारा महिन्यांचा असतो. या काळात कंपनी नोंदवलेली असणे बहुधा आवश्यक नसते. विद्यार्थी संभाव्य ग्राहकांच्या मुलाखती घेतात, प्राथमिक नमुना तयार करतात आणि आपली मूळ समजूत खरी आहे का हे तपासतात. पुष्कळ कल्पना याच टप्प्यावर सोडून दिल्या जातात आणि ते अपयश मानले जात नाही. वेळ व पैसा वाया जाण्यापूर्वी चूक कळणे हाच या टप्प्याचा उपयोग आहे.

उबवणी : कंपनीची नोंदणी झाल्यावर तिचा केंद्राशी करार होतो. त्यात जागेचे भाडे, उपकरणांचा वापर, केंद्राचा समभागांतील वाटा, बौद्धिक संपदेची मालकी आणि मुक्कामाची मुदत ठरवलेली असते. लेखापाल, स्वामित्वहक्काचे वकील आणि क्षेत्रातील अनुभवी मार्गदर्शक यांची सेवा केंद्रामार्फत मिळते.

निर्गमन : उद्योगास स्वतःचे उत्पन्न किंवा बाहेरील गुंतवणूक मिळू लागली की तो केंद्राबाहेर पडतो. मुदत संपूनही प्रगती नसल्यास करार संपुष्टात येतो. केंद्राकडील समभाग मात्र पुढेही राहतात. ते विकून आलेली रक्कम नव्या उद्योगांसाठी वापरली जाते.

*विद्यार्थी उद्योजकांसाठी सवलती*

राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण, २०१९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी काही सवलती सुचवल्या आहेत. संस्थेच्या परवानगीने कंपनीच्या नोंदणीसाठी संस्थेचा पत्ता वापरता येतो. स्टार्टअपवर केलेल्या कामास शैक्षणिक श्रेयांक देता येतात. उपस्थिती किमान मर्यादेपेक्षा कमी भरली, तरी योग्य अनुमतीने परीक्षेस बसू देता येते. अध्यापकांना उद्योगासाठी रजा घेण्याची मुभा सुचवलेली आहे. हे धोरण मार्गदर्शक स्वरूपाचे आहे. त्यानुसार स्वतःचे नियम करणे संस्थेवर अवलंबून असते. म्हणून विद्यार्थ्याने सवलत गृहीत धरण्यापूर्वी आपल्या संस्थेने हे धोरण स्वीकारले आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते.

अर्थसाहाय्य

प्रारंभिक अवस्थेतील उद्योगांना मिळणारा सार्वजनिक निधी बहुतांशी उबवणी केंद्रांमार्फत दिला जातो. शासन थेट विद्यार्थ्यास रक्कम न देता केंद्राची निवड करते आणि केंद्र उद्योगांची निवड करते. प्रमुख योजना पुढीलप्रमाणे आहेत.

- निधी-प्रयास : नमुना तयार करण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य.
- निधी-ईआयआर : नोकरीऐवजी उद्योगाचा मार्ग निवडणाऱ्या पदवीधरास मूळ योजनेनुसार दरमहा ३०,००० रुपयांपर्यंत छात्रवृत्ती.
- बायरॅकचे 'बिग' अनुदान : जैवतंत्रज्ञानाशी संबंधित कल्पनेची सिद्धता करण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतच्या कालावधीत ५० लाख रुपयांपर्यंत.
- स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजना : १ एप्रिल २०२१ पासून लागू; एकूण तरतूद ९४५ कोटी रुपये. कल्पनेच्या सिद्धतेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बाजारप्रवेशासाठी ५० लाख रुपयांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या रूपात साहाय्य.
- राष्ट्रीय कृषी विकास योजना-रफ्तार : कृषी उद्योगांसाठी २०१८-१९ पासून, कल्पनेच्या अवस्थेत ५ लाख आणि बीजावस्थेत २५ लाख रुपयांपर्यंत, तसेच दोन महिन्यांच्या प्रशिक्षणकाळात दरमहा १०,००० रुपये.
- अटल उबवणी केंद्र योजना : केंद्राच्या उभारणीसाठी व संचालनासाठी पाच वर्षांत कमाल १० कोटी रुपयांचे अनुदान. ही रक्कम उद्योगास नव्हे, केंद्रास मिळते.

अनुदान परत करावे लागत नाही. कर्ज किंवा कर्जरोखे परत करावे लागतात अथवा त्यांचे समभागांत रूपांतर होते. करारावर सही करण्यापूर्वी हा भेद समजून घेणे नवोद्योजकास अत्यावश्यक असते.

बौद्धिक संपदा आणि मालकी

शोध कोणाचा, हा विद्यापीठीय उबवणीतील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. अमेरिकेतील बेह-डोल कायद्याच्या धर्तीवर भारतात सार्वजनिक निधीतून निर्माण झालेल्या बौद्धिक संपदेसंबंधी एक विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले; परंतु त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे प्रत्येक संस्थेचे स्वतःचे धोरण आणि प्रत्यक्ष करार यांवर मालकी ठरते. सर्वसाधारण तत्त्व असे, की संस्थेचा निधी, उपकरणे किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेले काम यांतून शोध लागला असेल, तर संस्थेचा त्यात हक्क असतो. विद्यार्थ्याने स्वतःच्या वेळेत व स्वतःच्या खर्चाने लावलेला शोध त्याचा स्वतःचा असतो. २०१९ च्या राष्ट्रीय धोरणात जागा, सेवा आणि बौद्धिक संपदा यांच्या मोबदल्यात संस्थेने २ ते ९.५ टक्के समभाग घ्यावेत, असे सुचवले आहे. संस्थेवर उद्योगाचे कायदेशीर दायित्व येऊ नये म्हणून ही वरची मर्यादा ठेवलेली आहे.

दुसरा प्रश्न प्रसिद्धीच्या वेळेचा आहे. एकस्व (पेटंट) मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो, आणि अर्जापूर्वीच तो जाहीर झाला तर हे नावीन्य संपुष्टात येऊ शकते. विद्यार्थ्यांना शोधनिबंध वाचण्याची, पोस्टर लावण्याची आणि 'आविष्कार' या महाराष्ट्रातील आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेसारख्या ठिकाणी काम सादर करण्याची स्वाभाविक ओढ असते. एकस्व अधिनियम, १९७० च्या कलम ३१ मध्ये अधिसूचित प्रदर्शनातील मांडणी किंवा विद्वत्सभेतील निबंधवाचन यांसाठी १२ महिन्यांची मर्यादित सवलत आहे. पण ती सर्व प्रकारच्या जाहीर सादरीकरणास लागू नाही आणि अनेक परदेशांत तशी सवलत मिळत नाही. यावर साधा उपाय म्हणजे सादरीकरणाआधी तात्पुरत्या विनिर्देशासह अर्ज दाखल करणे. त्यानंतर पूर्ण विनिर्देश देण्यास १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांसाठी एकस्वाच्या शासकीय शुल्कात २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे.

कृषी व अन्न क्षेत्रात आणखी मर्यादा आहेत. एकस्व अधिनियमाच्या कलम ३ नुसार शेतीची पद्धत, वनस्पती व प्राणी, तसेच पारंपरिक ज्ञान यांवर एकस्व मिळत नाही. वनस्पतींच्या वाणांना वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम, २००१ खाली संरक्षण मिळते. भारतीय जैविक संसाधनांवर आधारित शोधासाठी हक्क मागताना जैवविविधता अधिनियम, २००२ (सुधारणा २०२३) नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता किंवा नोंदणी लागते. आजीच्या हातचे कोकम सरबत कोणालाही स्वतःच्या नावे करून घेता येत नाही. मात्र त्याचा टिकाऊपणा वाढवणारी खरोखर नवी प्रक्रिया एकस्वास पात्र ठरू शकते.

महाराष्ट्रातील प्रमुख केंद्रे

साइन, मुंबई : 'सोसायटी फॉर इनोव्हेशन अँड आंत्रप्रेन्योरशिप' ही संस्था २००४ मध्ये पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत स्थापन झाली. त्यापूर्वी तेथील कन्वल रेखी माहिती तंत्रज्ञान विभागात प्रायोगिक स्वरूपाचे उबवणी केंद्र चालवले जात होते. मानवरहित विमाने बनवणारी 'आयडियाफोर्ज' ही येथे वाढलेली सर्वपरिचित कंपनी होय. संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या सहकार्याने 'नेत्र' हे टेहळणी विमान विकसित केले. जुलै २०२३ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. स्थापना आणि ही नोंदणी यांच्यामध्ये १६ वर्षे गेली. तंत्रज्ञानाधारित उद्योगास किती धीर लागतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

व्हेंचर सेंटर, पुणे : पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २००७ मध्ये या केंद्राची स्थापना केली. पदार्थविज्ञान, रसायन आणि जैवविज्ञान क्षेत्रांतील उद्योगांवर त्याचा भर आहे. या क्षेत्रांत केवळ संगणक आणि टेबल पुरत नाही. महागडी विश्लेषण उपकरणे, सुरक्षित प्रयोगशाळा आणि चाचणीची सोय लागते. ती सामायिक स्वरूपात उपलब्ध करून देणे, हे या केंद्राचे वैशिष्ट्य आहे. बायरॅकच्या 'बिग' योजनेत ते भागीदार केंद्र आहे.

अन्य केंद्रे : मुंबईतील सोमैया विद्याविहार येथील 'रिडल', अंधेरी येथील सरदार पटेल तंत्रज्ञान व्यवसाय उबवणी केंद्र, छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील अटल उबवणी केंद्र आणि जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील केंद्र ही उल्लेखनीय आहेत. छत्रपती संभाजीनगर येथेच उद्योजकांच्या संघटनेने उभारलेले 'मॅजिक' हे विद्यापीठाबाहेरचे केंद्र आहे. कोकणास लागून असलेल्या गोव्यात वेर्णे येथील 'सिबा' आणि फातोर्डा येथील डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातील 'फायर' ही केंद्रे कार्यरत आहेत.

रत्नागिरी आणि कोकण

*शैक्षणिक पाया*

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले; आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून निर्माण केलेला 'रत्ना' हा आंबा, बिनकोयीचा 'सिंधू' आंबा, काजूचे वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ हे वाण आणि कोकमाचा 'कोकण अमृता' हा वाण हे विद्यापीठाचे परिचित संशोधन होय. याच विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीजवळ शिरगाव येथे आहे. रत्नागिरी शहरात १९४५ मध्ये स्थापन झालेले गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, १९९६ मध्ये सुरू झालेली फिनोलेक्स अकादमी आणि मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आहे.

कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभर २०१५ पासून 'स्टुडंट रेडी' कार्यक्रम लागू झाला. त्यातील अनुभवाधारित शिक्षणात विद्यार्थ्यांचा गट रोपवाटिका, फळप्रक्रिया, कुक्कुटपालन यांसारखा एखादा उद्योग प्रत्यक्ष चालवतो, हिशेब ठेवतो आणि माल विकतो. हे औपचारिक अर्थाने उबवणी केंद्र नव्हे. परंतु विद्यार्थिदशेत खरा ग्राहक आणि खरा तोटा यांची ओळख करून देणारी ती पूर्व-उबवणीच आहे.

*स्थानिक विषय*

कोकणातील पिकांना भौगोलिक मानांकनाचे संरक्षण मिळाले आहे : सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम आणि वेंगुर्ला काजू (२०१६), तसेच कोकणातील हापूस (२०१८). मानांकनामुळे नावाचा गैरवापर रोखता येतो. परंतु मूल्यवर्धन आपोआप होत नाही. काजूचे बोंड हे याचे ठळक उदाहरण आहे. बी वेगळी काढल्यावर तिच्याहून कित्येक पट वजनाचे बोंड उरते आणि ते एक-दोन दिवसांत नासू लागते. गोव्यात त्यापासून फेणी गाळली जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्याचा मोठा भाग बागेतच कुजतो. बोंडाचा रस टिकवणे, त्यातील तुरटपणा काढणे, चोथ्याचा उपयोग करणे हे विषय विद्यार्थी-संशोधकांच्या आवाक्यातील आहेत. आंब्याच्या कोयी, मासळीचे टाकाऊ भाग आणि कोकमाच्या बियांपासूनचे घट्ट तेल यांबाबतही हेच म्हणता येईल.

*हंगामाची अडचण*

संगणक प्रणालीवर काम करणारा उद्योग चूक सुधारून आठवड्यात नवी आवृत्ती काढू शकतो. आंबा, काजू किंवा कोकमावर काम करणाऱ्यास ताजा कच्चा माल वर्षातून काही आठवडेच मिळतो. मार्च ते मे या काळातील प्रयोग फसला, तर पुढच्या प्रयोगासाठी वर्षभर थांबावे लागते. अठरा महिन्यांच्या अनुदानात त्यामुळे एक, फार तर दोन हंगाम हाती लागतात. आणि अनुदान पावसाळ्याच्या तोंडावर मंजूर झाले, तर पहिले नऊ-दहा महिने तयारीतच जातात. हाच काळ विद्यापीठीय परीक्षांचाही असतो. उपस्थिती व परीक्षेसंबंधीच्या सवलती कोकणातील विद्यार्थ्यास अधिक महत्त्वाच्या का ठरतात, हे यावरून स्पष्ट होते. मासळीवर आधारित उद्योगांनाही पावसाळ्यातील मासेमारीबंदीचा विचार करावा लागतो.

दुसरी अडचण अंतराची आहे. रत्नागिरी-मुंबई रस्त्याचे अंतर सुमारे ३३० किलोमीटर आहे. मार्गदर्शक, गुंतवणूकदार आणि मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळा प्रामुख्याने मुंबई-पुण्यात असल्याने प्रत्येक नमुना आणि प्रत्येक भेट खर्चिक होते. पदवीनंतर मुंबईस जाणे ही कोकणातील अनेक पिढ्यांची रीत आहे. उद्योगासाठीही गाव सोडावे लागणार असेल, तर नोकरीचा परिचित मार्गच विद्यार्थ्यास व त्याच्या कुटुंबास अधिक सुरक्षित वाटतो. या दृष्टीने जिल्ह्यातील उबवणीची सोय हा उद्योगाइतकाच स्थलांतराचाही प्रश्न आहे.

मूल्यमापन आणि टीका

उबवणी केंद्रांचे यश कशाने मोजावे, याविषयी एकमत नाही. केंद्रांचे अहवाल बहुधा उद्योगांची संख्या, मिळालेली गुंतवणूक, एकस्वे आणि रोजगार यांचे आकडे देतात. टीकाकारांचे म्हणणे असे, की यातील काही उद्योग केंद्राच्या मदतीविनाही उभे राहिले असते. म्हणून उद्योग केंद्रातून बाहेर पडल्यावर तीन-पाच वर्षांनी टिकून आहे का, हा खरा निकष असावा.

विद्यापीठांच्या संदर्भात आणखी तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मूल्यांकनातील गुणांसाठी कक्ष उघडले जातात. फलक आणि उद्घाटन होते, पण पूर्णवेळ व्यवस्थापक, चालू उपकरणे आणि बीजनिधी नसतो. दुसरा असा, की अध्यापकाकडे वर्ग, परीक्षा आणि प्रशासन यांच्या जोडीने केंद्राचे काम दिले जाते, त्यामुळे ते दुय्यम राहते. तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे : तात्काळ बाजारमूल्य नसलेले मूलभूत विज्ञान, भाषा आणि मानव्यविद्या यांचे संशोधन या वातावरणात मागे पडेल, अशी भीती व्यक्त होते. समर्थकांच्या मते उबवणी ही संशोधनाची जागा घेत नाही. आधीच झालेल्या संशोधनातील उपयुक्त भाग लोकांपर्यंत नेण्याचा तो एक मार्ग आहे.

अपयशाविषयीचा दृष्टिकोन हाही चर्चेचा विषय आहे. प्रारंभिक अवस्थेतील अनेक उद्योग बंद पडतात, हे सर्वत्र गृहीत धरले जाते. सामान्य आर्थिक स्थितीतील विद्यार्थ्यास मात्र दोन वर्षांचे उत्पन्न गमावणे परवडत नाही. छात्रवृत्ती, अनुभवास मिळणारे श्रेयांक आणि उद्योग कायदेशीर रीतीने बंद करण्यास साहाय्य या तीन गोष्टी असतील, तरच ही जोखीम केवळ सधन कुटुंबांतील मुलांपुरती मर्यादित राहत नाही, असे मत मांडले जाते.

हेही पहा

- स्टार्टअप इंडिया
- अटल नवोन्मेष अभियान
- डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ
- भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई
- भौगोलिक मानांकन
- एकस्व